नोटिफिकेशन चुकलं तरी नोंद चुकता कामा नये

दूध संकलन केंद्रावर सकाळचं माप झालं की शेतकऱ्याच्या मोबाइलवर लगेच आकडे दिसावेत: किती लिटर, फॅट किती, एसएनएफ (फॅट सोडून बाकीचे घन घटक) किती, दर काय लागला. असं अ‍ॅप तुम्ही लिहीत असाल किंवा तुमची संस्था कुणाकडून लिहून घेत असेल, तर पहिल्याच बैठकीत एक वाक्य हमखास कानावर येतं: ‘माप झालं की नोटिफिकेशन टाकू आणि त्यातच सगळे आकडे पाठवू.’ ऐकायला हे सोपं वाटतं आणि चाचणीच्या दोन फोनवर चालतंही. पण रेंज नसलेलं गाव, दोन दिवस बंद पडलेला फोन, कायम चालू असलेला बॅटरी सेव्हर अशा रोजच्या परिस्थितीत हीच रचना पासबुकातल्या नोंदी गाळू लागते.

पुश नोटिफिकेशन ही वर्दी आहे. ‘तुझ्यासाठी काहीतरी नवं आलंय’ एवढं सांगणं हे तिचं काम. माहिती सुखरूप पोचवण्याची जबाबदारी तिने कधीच घेतलेली नाही, ना अ‍ॅपलने, ना गुगलने. हे एकदा नीट समजलं की अ‍ॅपची रचना कशी करायची, हे आपोआप ठरत जातं. उदाहरण दुधाचं घेतलं असलं तरी पतपेढी, शाळा, दवाखाना, पाणीपुरवठा योजना, कुणाच्याही अ‍ॅपला हे सगळं तसंच लागू पडतं.

सर्व्हर आणि फोन यांच्या मधे कोण असतं?

तुमचा सर्व्हर शेतकऱ्याच्या फोनशी थेट बोलत नाही. फोनला कायमचा पत्ता नसतो. तो कधी मोबाइल डेटावर असतो, कधी वायफायवर, कधी बंद. म्हणून मधे एक सेवा बसलेली असते. आयफोनसाठी ती अ‍ॅपलची एपीएनएस, अँड्रॉइडसाठी गुगलची फायरबेस क्लाउड मेसेजिंग म्हणजे एफसीएम. अ‍ॅपलने आपली सेवा २००९ मध्ये सुरू केली. गुगलने २०१० मध्ये पहिली सेवा आणली, २०१२ मध्ये ती बदलून जीसीएम आणली आणि २०१६ पासून एफसीएम आली.

प्रत्येक फोन या सेवेशी एक जोडणी सतत उघडी ठेवतो. फोनमध्ये पन्नास अ‍ॅप असली तरी जोडणी एकच. प्रत्येक अ‍ॅप दर मिनिटाला आपापल्या सर्व्हरला ‘काही नवीन आहे का’ असं विचारत बसलं असतं, तर फोनचा रेडिओ सारखा जागा राहिला असता आणि बॅटरी दुपारपर्यंत संपली असती. ते टाळण्यासाठी ही सामाईक वाट आहे.

कामाचा क्रम असा. अ‍ॅप पहिल्यांदा उघडलं की ते या सेवेकडे नाव नोंदवतं आणि सेवा त्याला टोकन देते. टोकन म्हणजे ‘या फोनवरचं हे अ‍ॅप’ ओळखणारी एक लांबलचक खूण. अ‍ॅप ते टोकन तुमच्या सर्व्हरला कळवतं. माप झालं की तुमचा सर्व्हर टोकन आणि जेसनमधला छोटा मजकूर या सेवेला देतो. पुढे सेवा तो मजकूर उघड्या जोडणीवरून फोनपर्यंत नेते आणि फोनची प्रणाली एक तर नोटिफिकेशन दाखवते किंवा अ‍ॅपला जागं करते. तुम्ही आयफोनसाठीही एफसीएम वापरत असाल तर एफसीएम तो संदेश पुढे एपीएनएसकडे सोपवते. म्हणजे आयफोनला अ‍ॅपलचेच नियम लागतात.

इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. सेवेने तुमच्या सर्व्हरला २०० हा यशाचा आकडा दिला, तर त्याचा अर्थ ‘आम्ही संदेश घेतला’ एवढाच. तो फोनवर पोचला किंवा कुणी वाचला, असा नाही. त्या आकड्यावरून ‘शेतकऱ्याला कळवलं’ अशी नोंद तुमच्या रजिस्टरात करू नका.

मजकुराला जागा किती?

सुरुवातीला अ‍ॅपलने संपूर्ण संदेशाला २५६ बाइट दिले होते. २०१४ मध्ये ते २ केबी झाले आणि २०१५ मध्ये एचटीटीपी-२ आल्यावर ४ केबी. एफसीएमची मर्यादाही ४०९६ बाइट आहे. इंग्रजी मजकुराला ही जागा बरीच आहे. मराठीला मात्र ती लवकर भरते, कारण यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं आणि मात्रा, अनुस्वार, हलंत यांचीही वेगळी गणना होते.

‘सकाळचं दूध जमा झालं’ हे छोटं वाक्य मोजून पाहा. यात अक्षरं, काने-मात्रा, अनुस्वार मिळून १६ चिन्हं आहेत; त्यांचे ४८ बाइट आणि ३ मोकळ्या जागा, असे एकूण ५१. आता पुढची अडचण पाहा. पीएचपी आणि पायथन या दोन्ही भाषांतलं जेसन तयार करणारं नेहमीचं फंक्शन, वेगळं काही सांगितलं नाही तर, देवनागरीचं एकेक चिन्ह बॅकस्लॅश, यू आणि चार हेक्स अंक अशा सहा बाइटांत लिहितं. मग तेच वाक्य ९९ बाइटांचं होतं. अ‍ॅपलच्या सर्व्हरकडे मजकूर असाच गेला तर मर्यादा निम्म्यावरच गाठली जाते. दोन्ही भाषांत हे बंद करायची सोय आहे, ती वापरा. आणि लांब मजकूर कापायचा झाला तर बाइट मोजून मधूनच तोडू नका. अक्षर अर्धवट तुटतं आणि शेवटी चौकोन किंवा प्रश्नचिन्ह दिसतं. पूर्ण शब्दावर कापा.

एफसीएमचा आणखी एक नियम पहिल्यांदा काम करणाऱ्यांना अडवतो: डेटा मेसेजमधली प्रत्येक किंमत स्ट्रिंग असावी लागते. फॅट ४.२ हा आकडा म्हणून पाठवला तर विनंती नाकारली जाते. तो अवतरणचिन्हांत द्यायचा आणि अ‍ॅपमध्ये पुन्हा आकडा करून घ्यायचा.

फोन बंद असताना काय होतं?

फोन बंद किंवा रेंजबाहेर असला की सेवा संदेश काही काळ राखून ठेवते. पण किती आणि कुठवर, हे दोन्हीकडे वेगळं आहे.

एफसीएममध्ये मुदत तुम्ही ठरवू शकता. जास्तीत जास्त आणि न सांगितल्यास ती ४ आठवडे असते. एका फोनवरच्या एका अ‍ॅपसाठी साठलेले संदेश १०० च्या वर गेले तर एफसीएम तो सगळा साठा टाकून देते आणि फोन जोडला गेला की अ‍ॅपला ‘काही संदेश गेले’ एवढं कळवते. दिवसाला दोन मापं धरली तर १०० चा आकडा गाठायला ५० दिवस लागतील, त्याआधी ४ आठवड्यांची मुदत संपेल. पण भाव दर पाच मिनिटांनी कळवणारं अ‍ॅप असेल, तर एका दिवसाच्या आतच साठा रिकामा होईल.

अ‍ॅपलचा नियम याहून कडक आहे. संदेश लगेच देता आला नाही तर एपीएनएस एका अ‍ॅपसाठी एकच संदेश राखून ठेवते आणि तो शेवटचाच असेल अशीही हमी देत नाही. म्हणजे आयफोन दोन दिवस बंद राहिला, तर चार मापांपैकी एकाचीच वर्दी मिळेल. बाकीच्या तीन मापांचे आकडे फक्त संदेशातच असतील, तर ते गेलेच.

शिवाय संदेश ज्या क्रमाने पाठवले त्याच क्रमाने पोचतील, असंही नाही. संध्याकाळची वर्दी सकाळच्या आधी येऊ शकते. तुमच्या सर्व्हरने उत्तर न मिळाल्यामुळे संदेश पुन्हा पाठवला, तर एकच वर्दी दोनदाही येऊ शकते.

मग रचना कशी करावी?

सगळ्या नोंदी तुमच्या सर्व्हरच्या डेटाबेसमध्ये राहू द्या आणि प्रत्येक नोंदीला चढता क्रमांक द्या; दुरुस्ती किंवा रद्द करणं हीही नवी नोंद धरा. पुश संदेशात फक्त ‘नवी नोंद आली’ ही खूण आणि हवा तर तो क्रमांक घाला. अ‍ॅपने स्वतःकडची शेवटची नोंद पाहायची आणि सर्व्हरला विचारायचं: ‘माझ्याकडे ४१२ पर्यंत आहे, पुढचं सगळं दे.’ सर्व्हर ४१३ पासूनच्या सगळ्या नोंदी देतो. मधल्या तीन वर्द्या हरवल्या असल्या तरी चौथी आली की चारही नोंदी येतात. एकही वर्दी आली नाही, तरी शेतकऱ्याने अ‍ॅप उघडताच हीच विचारणा होते आणि हिशेब पुरा होतो. तीच नोंद दोनदा आली तर क्रमांकावरून अ‍ॅपला कळतं आणि दुसरी आपोआप गळते.

यासाठी अ‍ॅपमध्ये ही विचारणा तीन ठिकाणी ठेवा: वर्दी आल्यावर, अ‍ॅप उघडल्यावर आणि नेट परत आल्यावर. अँड्रॉइडवर एफसीएमने साठा टाकून दिल्याचं कळवलं तर तिथेही हीच विचारणा करा.

मोठ्या दूध संघाने आणखी एक काळजी घ्यावी. दहा दिवसांचं बिल तयार झालं आणि हजारो सभासदांना एकाच क्षणी वर्दी गेली, तर हजारो फोन त्याच क्षणी तुमच्या सर्व्हरवर तुटून पडतात. अ‍ॅपने वर्दी आल्यावर काही सेकंद ते दोन-तीन मिनिटं, असा प्रत्येक फोनसाठी वेगळा थांबा घेऊन मग विचारणा केली तर भार विभागला जातो.

दिसणारा संदेश आणि न दिसणारा संदेश

एफसीएममध्ये दोन प्रकार आहेत. नोटिफिकेशन मेसेजमध्ये मथळा आणि मजकूर तुम्ही देता. अ‍ॅप बॅकग्राउंडला असेल तर तो मजकूर फोनची प्रणाली स्वतःच दाखवते. तुमचं कोड तेव्हा चालतच नाही. माणसाने त्यावर बोट ठेवलं तरच अ‍ॅपला सोबतचा डेटा मिळतो. डेटा मेसेज मात्र अ‍ॅपच्या कोडकडे येतो आणि पुढे काय करायचं ते अ‍ॅप ठरवतं. अनेक अ‍ॅपमध्ये सापडणारी चूक इथेच असते: आकडे साठवण्याचं काम संदेश घेणाऱ्या कोडमध्ये लिहिलेलं असतं, पण संदेश नोटिफिकेशन प्रकारचा असतो. शेतकरी नोटिफिकेशन बाजूला सरकवतो आणि ते आकडे कुठेच साठत नाहीत.

आयफोनवर न दिसणाऱ्या बॅकग्राउंड संदेशाला अ‍ॅपल कमी महत्त्व देतं. तासाला दोन-तीनपेक्षा जास्त पाठवू नका, असं अ‍ॅपलचं सांगणं आहे. अ‍ॅप जागं झालं तर काम आटपायला सुमारे ३० सेकंद मिळतात. वापरणाऱ्याने अ‍ॅप वर सरकवून पूर्ण बंद केलं असेल, तर बॅकग्राउंड संदेशाने ते जागं होत नाही. म्हणून माणसाला कळवायची गोष्ट दिसणाऱ्या संदेशातूनच कळवा.

महत्त्वाची पातळीही विचाराने निवडा. अँड्रॉइड ६ पासून, म्हणजे २०१५ पासून, पडून राहिलेला फोन डोझ नावाच्या झोपेत जातो. साधा संदेश तेव्हा थांबून राहतो. हाय प्रायॉरिटी संदेश फोनला जागं करतो. पण हाय प्रायॉरिटीने संदेश पाठवून माणसाला काहीच दिसत नसेल, तर एफसीएम पुढे त्या अ‍ॅपची पातळी खाली आणू शकते. ओटीपी, गाडी दारात आल्याची खबर, औषधाची वेळ यांना हाय प्रायॉरिटी द्या, जाहिरातीला नको.

ज्या गोष्टीचा उपयोग काही मिनिटांतच संपतो तिला तेवढीच मुदत द्या. उद्या पोचलेला आजचा ओटीपी फक्त गोंधळ वाढवतो. आणि जिथे फक्त ताजी स्थिती कामाची असते, उदाहरणार्थ आजचा दर, तिथे कोलॅप्स की किंवा अ‍ॅपलकडचा कोलॅप्स आयडी लावा. म्हणजे वाटेत थांबलेल्या जुन्या संदेशाची जागा नवा घेतो आणि फोन जोडला गेल्यावर पडद्यावर सात दर एकाखाली एक दिसत नाहीत.

टोकनची निगा

टोकन कायमचं नसतं. अ‍ॅप काढून पुन्हा टाकलं, नव्या फोनवर बॅकअप उतरवला, अँड्रॉइडवर अ‍ॅपचा डेटा पुसला, की टोकन बदलतं. अँड्रॉइड फोन २७० दिवस एफसीएमशी जोडला गेला नाही तर त्याचं टोकन बाद होतं. म्हणून प्रत्येक वेळी अ‍ॅप उघडल्यावर टोकन सर्व्हरला कळवा आणि सोबत तारीख ठेवा. एपीएनएसकडून ४१० किंवा एफसीएमकडून ‘अनरजिस्टर्ड’ असं उत्तर आलं की ते टोकन यादीतून काढून टाका. मेलेल्या टोकनांनी भरलेली यादी तुमचे आकडे फुगवते आणि खरी अडचण झाकते.

लॉगआउट झाल्यावर टोकन त्या खात्यापासून तोडणं हे सगळ्यात जास्त विसरलं जाणारं काम आहे. आपल्याकडे एकच फोन घरात दोघं-तिघं वापरतात, जुना फोन विकला जातो, मुलाच्या फोनवर वडिलांचं खातं उघडलेलं असतं. खातं बंद केल्यावरही त्या फोनवर दुसऱ्याच्या बिलाचे आकडे येत राहिले, तर तो विश्वासघात आहे. लॉगआउटचं बटण दाबताच आधी सर्व्हरला सांगा, मग खातं बंद करा.

खाजगी माहिती संदेशात नको

दिसणारा संदेश लॉक केलेल्या पडद्यावरही वाचता येतो. शिवाय तो तुमच्या सर्व्हरवरून तिसऱ्याच कंपनीच्या सर्व्हरमधून जातो. अमेरिकेचे सेनेटर रॉन वायडन यांनी डिसेंबर २०२३ मध्ये तिथल्या न्याय खात्याला पत्र लिहून, सरकारं अ‍ॅपल आणि गुगलकडे पुश नोटिफिकेशनच्या नोंदी मागतात, ही गोष्ट उघड केली. सिग्नलसारखं अ‍ॅप याच कारणाने पुशमधून मजकूर पाठवतच नाही. फक्त ‘नवीन आलंय’ एवढं कळवतं आणि संदेश स्वतःच्या सर्व्हरवरून आणतं. दवाखान्याचा रिपोर्ट, कर्जाची थकबाकी, मुलाची गैरहजेरी यांच्यासाठी ‘आपल्या खात्यात नवी नोंद आहे’ एवढंच वाक्य पुरे. तपशील अ‍ॅप उघडल्यावर दिसू द्या.

परवानगी आणि कप्पे

२०२२ च्या अँड्रॉइड १३ पासून नोटिफिकेशन दाखवण्यासाठी परवानगी विचारावी लागते; आयफोनवर तर हे आधीपासूनच आहे. अ‍ॅप उघडताक्षणी परवानगी मागू नका. पहिलं माप दिसल्यावर, ‘पुढच्या मापाची खबर हवी का?’ असं आपल्या शब्दांत विचारून मग प्रणालीची खिडकी उघडा. अँड्रॉइड ८ पासून नोटिफिकेशनचे चॅनेल म्हणजे कप्पे आहेत. माप, बिल आणि पशुखाद्याची जाहिरात यांचे चॅनेल वेगळे ठेवा. सगळं एकाच चॅनेलमध्ये घातलं, तर जाहिरातीला कंटाळलेला माणूस बिलाची खबरही बंद करून बसतो.

नोटिफिकेशन येत नसेल तर कुठे पाहायचं?

सगळ्यांचंच एकदम बंद झालं असेल तर दोष सर्व्हरच्या बाजूला शोधा. गुगलने जुनी जीसीएम २०१९ मध्ये बंद केली आणि एफसीएमची जुनी पाठवण्याची पद्धत २०२४ मध्ये थांबवायला सुरुवात केली. जुन्या सर्व्हर कीवर चालणारं कोड आता नव्या एचटीटीपी व्ही-१ पद्धतीवर आणावं लागतं. आयफोनचंच बंद झालं असेल तर अ‍ॅपलच्या प्रमाणपत्राची मुदत पाहा. ते दर वर्षी नवं करावं लागतं. त्याऐवजी पी-८ प्रकारची की वापरली तर ही दर वर्षीची काळजी मिटते. चाचणीत चालणारं अ‍ॅप स्टोअरवर गेल्यावर बंद पडलं, तर अ‍ॅपलचा सँडबॉक्स आणि खरा सर्व्हर यांची गल्लत झालेली असते. एकाचं टोकन दुसऱ्याकडे चालत नाही.

एकाच कार्यालयात किंवा कॉलेजात बंद असेल तर तिथल्या वायफायचा फायरवॉल तपासायला सांगा. अ‍ॅपलच्या फोनला ५२२३ हा पोर्ट लागतो, तो न मिळाल्यास ४४३; एफसीएमला ५२२८, ५२२९, ५२३० आणि ४४३. मोबाइल डेटावर लगेच येतं आणि वायफायवर येत नाही, ही याची खूण.

एकाच माणसाचं बंद असेल तर त्याचा फोन हातात घ्या. अँड्रॉइडमध्ये सेटिंगमधून ‘फोर्स स्टॉप’ केलं असेल तर अ‍ॅप पुन्हा उघडेपर्यंत संदेश येत नाहीत. अनेक कंपन्यांच्या फोनमध्ये स्वतःची बॅटरी बचत असते आणि ती बॅकग्राउंडची अ‍ॅप मारून टाकते. तिथे आपल्या अ‍ॅपला सूट द्यावी लागते. परवानगी, चॅनेल आणि ‘व्यत्यय नको’चं बटणही पाहा.

अ‍ॅप ताब्यात घेण्याआधी

अ‍ॅप बनवणाऱ्याने ‘नोटिफिकेशन येतं’ हे दाखवलं म्हणून काम संपलं असं मानू नका. करारातच एक चाचणी लिहून घ्या. एक अँड्रॉइड आणि एक आयफोन घ्या, दोन्हींवर नोटिफिकेशनची परवानगी बंद करा आणि फोन विमान मोडवर टाका. तीन दिवस सकाळ-संध्याकाळ मापं घ्या, त्यातलं एक माप मुद्दाम दुरुस्त करा, एक रद्द करा. चौथ्या दिवशी नेट चालू करून अ‍ॅप उघडा आणि केंद्रावरच्या रजिस्टराशी एकेक ओळ ताडून पाहा. लिटर, फॅट, दर, दुरुस्ती, रद्द नोंद, सगळं जुळलं तरच शेवटचा हप्ता द्या.